पिन्येइरोच्या पावातलं तांबं

मोन्तेविदेओ, ८ जून १९०९

बाल्दोमेरो पिन्येइरोच्या बेकरीतल्या पावात मोरचूद निघाला, तांब्याचा विषारी क्षार. पावाची राख आम्लात विरघळवली, तांबं दाखवणाऱ्या द्रावणाचे दोन थेंब टाकले — लगेच तांबूस रंग. खराब पीठ फुगावं म्हणून घालतात हे लोक. प्रयोगशाळेचा रसायनतज्ज्ञ म्हणून अहवालावर सही केली.

१२ जून

पेपरात पिन्येइरोचं नाव आलं. दुकानाच्या काचा फोडल्या म्हणे. भट्टी बंद.

३० जून

पिन्येइरो गेला. अर्धांगाचा झटका. आमचा शिपाई सांगत होता, "रोज दारात खुर्ची टाकून बसायचा. कोणीतरी पाव घ्यायला येईल म्हणून."

६ जुलै

त्याची बायको, दोन्या कार्मे, प्रयोगशाळेत आली. अंगावर काळे कपडे. टेबलावर पीठ, मीठ, खमीर आणि बाटलीत विहिरीचं पाणी मांडलं.

"साहेब, ह्यातल्या कशात तांबं आहे तेवढं सांगा. मग मी गप्प बसते."

"बाई, आम्ही पाव तपासला होता."

"पाव काय आभाळातून पडतो?"

७ जुलै

पिठात तांबं. मिठात तांबं. खमिरात, पाण्यात — सगळीकडे सारखाच रंग. हे कसं शक्य आहे?

संध्याकाळी — प्रत्येक तपासणीत वापरतो ते आमचं वाफेचं गाळलेलं पाणी नुसतंच घेतलं. तोच रंग. पाणी गाळायच्या तांब्याच्या पात्राची कल्हई आतून उडाली आहे. आधी कोरं पाणी तपासून घ्यायचं, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. मी कित्येक महिने तपासलेलं नाही.

९ जुलै

प्रमुखांना, डॉ. एचेगोयेनना सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"लारेआ, कल्हई करून घ्या आणि विषय संपवा."

"माणूस मेलाय, साहेब."

"तो परत येणार आहे का? उद्या दुधात फॉर्मालिन घालणारेही कोर्टात आपली हीच चूक पुढे करतील. मग पोरं मरतील, ती कोणाच्या नावावर?"

ते अगदीच चूक बोलत नव्हते. तेच सलतंय.

१० जुलै

जेवण गेलं नाही.

१५ जुलै

पेपराला पत्र दिलं, स्वतःच्या नावाने. आधी लिहिलं होतं, 'पावाचा नमुना संपला आहे, आता नक्की काही सांगता येत नाही.' ते खोडलं. 'पिन्येइरो निर्दोष होता' असं लिहिलं. 'नक्की सांगता येत नाही' हे त्या बाईच्या काय कामाचं?

१६ जुलै

नोकरी गेली. एचेगोयेन माझ्याकडे न बघता म्हणाले, "किल्ल्या ठेवून जा."

२८ जुलै

बेकरी पुन्हा उघडली. कोपऱ्यापर्यंत रांग! ज्यांनी काचा फोडल्या तेही असतील त्यात. दोन्या कार्मेने सगळ्यांसमोर माझे हात धरले. "त्यांचं नाव तुम्ही धुऊन दिलंत," म्हणाली. बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

३ ऑगस्ट

दोन्या कार्मे घरी आली. बसली नाही. शालीखालून एक पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. मोरचुदाचे निळे खडे, अर्धे संपलेले. नवऱ्याच्या जुन्या कोटाच्या अस्तरात शिवलेली होती म्हणे.

"मला खरंच माहीत नव्हतं, साहेब." मग, "लोक रांगेत उभे आहेत. त्यांना काय सांगू?"