देवपूरच्या दवाखान्याची काच

देवपूर, धुळे
१२ जानेवारी १९९४

चि. हिलाल,
अक्काचा आशीर्वाद. अक्का म्हणजे तुझी थोरली बहीण, सावद्याहून नातवाकडे, भटूकडे आलेली. आठवली का? चष्मा कपाळावर असेल, तो आधी खाली घे.

आम्ही खुशाल आहोत. भटूने इथल्या चार मजली दवाखान्याच्या काचा पुसायचं काम घेतलंय. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग निघेनात. डॉक्टर म्हणाले, "सोमवारपर्यंत निघाले नाहीत तर नाशिकची माणसं बोलावतो." पोराचं जेवण सुटलं.

मी म्हटलं, "अरे, तांब्याचा बंब लिंबाने उजळतो, मग काच काय राजाची लेक आहे?" माझ्या हातातली राख मात्र त्याने काढून घेतली, ओरखडे पडतात म्हणे. लिंबाच्या रसात त्याने रिठ्याचं पाणी घातलं. मोटारीच्या वायपरचं रबर चिरलेल्या बांबूत बसवलं आणि बाहेर दोरावर लटकून वरून खाली एकदाच ओढलं.

हिलाल, काच नाहीशीच झाली रे! आभाळ थेट आत आलं. पलीकडे भटू इतका जवळ दिसला की त्याचा घाम पुसायला मी हात पुढे केला, तर बोटं आपटली. तो बाहेरून ओरडला, "आजी, काच शे का नही?" सत्तर वर्षांत मी असं काही पाहिलं नव्हतं.

काम भटूकडेच राहिलं. दोर नवा आहे, मी रोज ओढून पाहते. मी सांगते आणि नातसून लीला हे पत्र लिहिते; दोराचं लिहून तीही उठली आणि तो ओढून पाहून आली.

तुझ्या बायकोचे, म्हणजे मंदाचे, गुडघे कसे आहेत?

तुझी, अजून कान पिळू शकणारी,
अक्का

ता. क. एसटीच्या कंडक्टरजवळ भटूसाठी दशम्या पाठव. मंदाला पातळ लाटायला सांग. दोराला तेवढंच वजन कमी.