शेवटचा एक टक्का

१५ सप्टेंबर, सोमवार
आजपासून दिग्विजय शत्रू.
कारण नोंदवून ठेवतो. चाकणच्या आमच्या प्लांटमधून निघणाऱ्या प्रत्येक ट्रकबरोबर मालाचे तपासणी दाखले जातात. ते माझी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरवरचा छोटा प्रोग्रॅम, काढते. स्वतः शिकून लिहिली आहे, कुठल्याही कॉलेजचे उपकार नाहीत. ती चालू असताना स्क्रीनवर निळी पट्टी भरत जाते आणि खाली उरलेला वेळ दिसतो. हेड ऑफिसहून आलेला हा पोरगा भर कँटीनमध्ये म्हणाला, टाव्हरेकाका, तुमची पट्टी म्हणजे एसटीचा कंडक्टर, गाडी निघतेच आहे म्हणतो आणि स्वतः चहाला जातो. सगळे हसले. क्वालिटी हेड स्वरूपा मॅडमसुद्धा. वर त्यांनी सांगून टाकलं की दसऱ्यानंतर ठरवू, दाखल्यांचं काम काकांकडेच ठेवायचं की दिग्विजयकडे द्यायचं.
मान्य, शेवटच्या एक टक्क्याला पट्टी जरा रेंगाळते. पण रेंगाळणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं.
संकल्प: पट्टी इतकी अचूक करायची की याने भर कँटीनमध्ये शब्द गिळावेत. तोपर्यंत याच्याबरोबर चहा बंद.

१६ सप्टेंबर
कासारवाडीपासून कंपनीच्या बसमध्ये विचार केला. भोसरी येईपर्यंत दोष सापडला. पट्टी बऱ्याच दाखल्यांनंतर एकदा हलायची. आता प्रत्येक दाखल्याला हलेल.
दिग्विजयला स्टोअरमधली डगमगणारी खुर्ची मिळेल अशी व्यवस्था केली. म्हणाला, थँक्यू काका, झोपाळा मिळाला. निर्लज्ज.
चहा त्याने सगळ्यांना दिला. मी घेतला, पण मान वळवून.

१८ सप्टेंबर
पट्टी आता दाखल्यातल्या प्रत्येक मापाला हलते. उरलेला वेळ सेकंदाच्या शतांशापर्यंत. देखणी दिसते.
काम मात्र थोडं जड झालंय. कॉम्प्युटर जुना आहे. शिवाय दिग्विजय काल त्याच्याजवळ उभा होता.

२२ सप्टेंबर
मंजुषाला सगळा विषय समजावला. बायको असली तरी तिला हिशेब कळतो. ती म्हणाली, लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्ही दहा मिनिटांत निघतो म्हणालात की मी भाजी निवडायला घेते, अंदाज तुमचा प्रांतच नव्हे. मी म्हणालो, भाजी आणि स्क्रिप्ट यांत फरक आहे. ती म्हणाली, आहेच, भाजी होते.
तिच्या भावाला, पिंपळे गुरवच्या मेहुण्याला, त्यांच्या घराण्याचा हा स्वभाव चांगला ठाऊक आहे. त्याच्याशी बोलणार आहे.

२४ सप्टेंबर
पट्टी चार मिनिटं म्हणाली, लागली अकरा. सोनबा ड्रायव्हर खिडकीत येऊन म्हणाला, सायेब, तुमचं जातं अजून दळतंयच व्हय? गिरणीत न्यायचं का?
अशिक्षित माणूस. पण उशिराचं कारण लिहावं, हे सुचवून गेला. पट्टीखाली नवी ओळ टाकली: विलंबाचे कारण, नेटवर्क. नेटवर्क दिग्विजयकडे आहे. आता ट्रकागणिक त्याची बदनामी आपोआप होईल, मला वाईटपणा घ्यायला नको.

२६ सप्टेंबर
आजची सुधारणा सर्वांत मोठी. पट्टी हलली रे हलली की गेल्या सहा महिन्यांची सरासरी नव्याने काढून मगच उरलेला वेळ सांगते. असं कोणाच्याही सॉफ्टवेअरमध्ये नसेल.
वेळ वाढला आहे. योगायोग.
दिग्विजय येऊन म्हणाला, काका, एकदा पट्टी बंद करून चालवून बघू या का? डाव ओळखला. माझा एकमेव पुरावाच बंद करायला सांगतोय. नाही म्हणून सांगितलं, तेही मोठ्याने.

२९ सप्टेंबर
सूड ठरला. बुधवारी खंडेनवमी. मशिनं धुऊनपुसून पूजा होते, कॉम्प्युटरही बंद करून हळदकुंकू लावतात. नारळ फुटला की दसरा होईपर्यंत कोणी बटणाला हात लावत नाही. त्यामुळे सोनबाच्या ट्रकचे दाखले पूजेआधी निघायलाच हवेत. सगळा प्लांट हजर असेल. पट्टी मोठ्या पडद्यावर लावणार. साडेदहाला पूजा, सव्वादहाला काम संपणार. दिग्विजयला पहिल्या रांगेत उभं करायचं.

१ ऑक्टोबर, बुधवार, दुपार
सव्वादहाला पट्टी म्हणाली, सहा मिनिटं.
साडेदहाला म्हणाली, नऊ.
झेंडूच्या माळा, पेढे, सगळे हात जोडून पडद्याकडे बघतायत. प्लांट हेड साहेबांच्या हातात नारळ. ऑफिसातल्या विजयश्रीताईंच्या ताटातला कापूर जळून गेला. मागून कोणीतरी म्हणालं, देवीला वेटिंगवर ठेवलंय. सोनबा म्हणाला, देवीला घाई न्हाई वो, पण म्होरं ट्रकला नो-एंट्री लागंल, मग मी रातपत्तुर नाक्यावरच.
नव्व्याण्णव टक्के. विलंबाचे कारण, नेटवर्क.
मॅडमनी दिग्विजयकडे नुसतं पाहिलं. तो माझ्या खुर्चीत बसला. चालू काम थांबवलं. मी म्हणालो, एक टक्का राहिलाय! त्याने पट्टीच्या तेवढ्या ओळी बंद केल्या आणि स्क्रिप्ट पहिल्यापासून सोडली. विजयश्रीताई नव्या कापराला काडी लावतायत तोवर प्रिंटर सुरू झाला. सगळे दाखले.
नारळ फुटला. गलक्यात दिग्विजय माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, काका, दाखल्यांना वेळ लागतच नव्हता. सगळा वेळ पट्टी रंगवण्यात आणि वेळेचा अंदाज काढण्यात जात होता.
हे त्याचं मत झालं.
पेढा घेतला नाही. नंतर घेतला.

६ ऑक्टोबर, सोमवार
निर्णय झाला. स्क्रिप्ट माझीच राहणार, मॅडमनी सर्वांसमोर तसं म्हटलं. सांभाळणार दिग्विजय. पट्टी रद्द.
दुपारी तो डगमगत्या खुर्चीवरून उठून माझ्याकडे आला. म्हणाला, काका, तुम्हाला पट्टीची सवय आहे, तुमच्या स्क्रीनवर वेगळी करून देऊ का, कामाशी न जोडलेली? मी म्हणालो, दे, पण शतांश हवेत. त्याने दिली. आता दाखले आधी निघतात, मग पट्टी सुरू होते. दोन मिनिटं सांगते आणि बरोबर दोन मिनिटांनी भरते.
आज प्रत्येक ट्रकला अंदाज शतांशापर्यंत बरोबर आला. दिग्विजयला मुद्दाम बोलावून दाखवलं. निमूटपणे म्हणाला, एक नंबर, काका. म्हणजे शब्द गिळले. सूड पूर्ण झाला असं धरायला हरकत नाही.
संध्याकाळच्या शेवटच्या खेपेला पट्टी ऐंशी टक्क्यांवर होती. खिडकीतून पाहिलं तर सोनबा दाखले घेऊन गेटबाहेर पडत होता. बाकीचे बसकडे निघाले होते.
मी शंभर होईपर्यंत थांबलो. बस चुकली.