तबक पुढे सरकवायचं नाही

१८ जानेवारी, रविवार

एकी, एकी, एकी! कान किटले माझे. शाळेच्या हॉलमध्ये दोन्ही चर्चची मिळून प्रार्थना. आमचे फादर आणि ह्यांचे पाळक स्टेजवर गळ्यात गळे घालून उभे. फोटो निघाले. 'आपण सारे ख्रिस्ताचं एकच शरीर' — सगळ्यांनी म्हटलं, मीही मोठ्याने म्हटलं. मग एकाच किटलीतला चहा. आणि पुढच्या रविवारी? तुम्ही तुमच्या मेजाकडे, आम्ही आमच्या वेदीकडे. चहा चालतो, भाकर चालत नाही!

मी कॅथलिक, हे प्रोटेस्टंट; एकतीस वर्षं संसार झाला. एक रविवार माझ्या चर्चमध्ये, एक ह्यांच्या. माझ्याकडे मी वेदीवरची पवित्र भाकर, ओस्ती, घ्यायला उठले की हे गुडघे बाजूला घेऊन वाट करून देतात आणि बसून राहतात; परक्याला ओस्ती द्यायची नाही आणि परक्याकडची भाकर घ्यायची नाही, हा आमच्या चर्चचा नियम. ह्यांच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. भाकरीच्या तुकड्यांचं तबक बाकावरून हातोहात फिरतं. माझ्या हातात येतं, मी काही न घेता ह्यांच्या हातात देते. दर वेळी वाढपी झाल्यासारखं वाटतं मला.

२० जानेवारी, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली. तीन फेब्रुवारीला ह्यांच्या पोटात नळी बसवायची. घशातली गाठ वाढलीय. तोवर मऊ, पातळ काय उतरेल ते. त्यानंतर तोंडाने काही नाही.

"काही नाही म्हणजे एक घाससुद्धा?" मी विचारलं. बाईंनी कागदावर तारखेखाली रेघ ओढली.

ह्यांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. बाहेर आल्यावर म्हणतात कसे, "मधल्या मजल्यावर अडकलीय गं. बटण दाबून उपयोग नाही." मेलं हसूही आलं आणि रडूही.

दोन आठवडे. तेवढ्यात एकदा — एकदाच! — आम्ही दोघांनी प्रभूची भाकर एकत्र घ्यायची. ठरलं म्हणजे ठरलं.

२२ जानेवारी, गुरुवार

फादरांकडे गेले. सरळ म्हटलं, "ह्यांना एक ओस्ती द्या. माझ्या शेजारी उभं करून."

पोरगेलेसे आहेत, मला मावशी म्हणतात, मनाने वाईट नाहीत. म्हणाले, "मावशी, आधी एकी, मग एक मेज. तसाच नियम आहे."

"भावाभावांचं भांडण झालं तर आई त्यांना जेवायला बसवते, का आधी समेटाचा कागद मागते?"

मग म्हणाले, आजार गंभीर आहे तर बिशपांना विचारून बघता येईल. पण मागणं ह्यांच्या तोंडून यायला हवं. आणि ओस्तीबद्दल आपली जी श्रद्धा, तीच ह्यांची हवी.

२३ जानेवारी, शुक्रवार

चर्चमागच्या खोलीत ओस्त्या करायचा दिवस. बावीस वर्षं हे काम माझ्याकडे. पीठ आणि पाणी, तिसरं काही नाही. तापलेल्या लोखंडी साच्यात पातळ पापुद्रे भाजायचे, ओलसर कपाटात ठेवून मऊ पडू द्यायचे, मग गोल कापायचे. आज डोकं ठिकाणावर नव्हतं. मऊ न करताच कापायला घेतले — सगळ्यांचा भुगा! बावीस वर्षांत पहिल्यांदा. परत पीठ कालवलं.

घरी येऊन ह्यांना म्हटलं, "अहो, मागा ना एकदा. माझ्यासाठी."

"मागू? मला प्रभूने केव्हाच बोलावलंय. दारावरच्या माणसाची चिठ्ठी कशाला हवी?" आवाज एवढुसा उरलाय, पण ताठा बघा! मी भांडी आपटली. तर म्हणतात, "तूच घे की माझ्याकडे. आमचे पाळक कुणाला अडवत नाहीत."

अडवतं ते माझंच चर्च.

२५ जानेवारी, रविवार

ओस्ती घेऊन बाकाकडे परत आले, ह्यांनी गुडघे बाजूला घेतले. माझ्या हातची ओस्ती, आणि माझ्याच माणसाला नाही! ती जिभेवर असताना राग धरू नये म्हणतात. धरला.

२८ जानेवारी, बुधवार

लेकीचा फोन. "आई, बाबांच्या चर्चमध्ये घेतलंस तर लोक काय म्हणतील? ओस्त्यांचं कामही जाईल तुझं." जाऊ दे! लोकांच्या पोटात नळी बसायची नाहीये.

खरी भीती लोकांची नाही. ओस्ती म्हणजे खरोखर प्रभूचं शरीर, असं मी मानते. ह्यांच्याकडे त्याची आठवण म्हणून घेतात. मग तिथे मी घेणार ते काय? विचार करकरून डोकं फुटायची वेळ आली. शेवटी एवढंच कळलं, की 'तू तिथे येऊ नकोस' असं त्याला सांगायची माझी हिंमत नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

आठशे ओस्त्या. एकही तडकली नाही. डबे आणि खोलीची किल्ली फादरांच्या टेबलावर ठेवली.

"परवा मी ह्यांच्याकडे घेणार. चोरून नाही, सांगून."

चेहरा उतरला त्यांचा. "मावशी, हे मला सांगायला नको होतं."

"का? पाप असेल तर उघड असू दे, नसेल तर लपवू कशाला?"

किल्ली त्यांनी उचलली नाही. मीही नाही.

३१ जानेवारी, शनिवार

ह्यांचा पांढरा सदरा इस्त्री केला. हे भूक नाही म्हणतात. उद्यासाठी राखून ठेवली असेल!

१ फेब्रुवारी, रविवार

तबक आलं. सगळ्यांच्या देखत मी तुकडा उचलला आणि तबक ह्यांच्याकडे दिलं. ह्यांनीही उचलला — आणि माझा हात ओढून माझ्या तळव्यावर ठेवला. कानाशी वाकून म्हणाले, "शुक्रवारपासून पाण्याशिवाय काही उतरत नाही गं. सांगितलं असतं तर तूही घेतलं नसतंस."

दोन्ही तुकडे मी खाल्ले.