मॅक्सी टॅक्सीतलं तुझं गाणं

पोर्ट ऑफ स्पेन, शनिवार

लाडके अनेल,

मी मजेत आहे, जेवते वेळेवर. आईचा गुडघा कसा आहे?

कार्निव्हलच्या गाण्यांच्या स्पर्धेसाठी मी लिहिलेल्या कॅलिप्सोला परीक्षक म्हणाले, "विचार चांगले आहेत." बस्स! तुझ्या कॅलिप्सोला मात्र सारं शहर 'कॅची ट्यून' म्हणतंय. घरातली पहिली पदवीधर मी, आणि लोकांच्या ओठांवर तू.

काल मॅक्सी टॅक्सीचा ड्रायव्हर तुझंच गाणं गुणगुणत म्हणाला, "काय कॅची ट्यून आहे गं पोरी! डोक्यातून जातच नाही. कुणाची?"

"ठाऊक नाही," मी म्हटलं. लिहितानाही लाज वाटते.

मग त्याने दुसरी ओळ चुकीची म्हटली. मला राहवेना. प्रवाशांनी भरलेल्या गाडीत मी ती बरोबर गाऊन दाखवली.

"ठाऊक नाही म्हणे!" तो हसला.

"माझ्या धाकट्या बहिणीची आहे," मी म्हटलं.

अजून थोडी जळणारी,
तुझी ताई जोसेट