हात कवा काढला

अक्का, तुम्ही म्हणाला होतात ती वंकी आता खरोखरच दंडात बसवतात. काडीपेटीतल्या काडीएवढी मऊ काडी असते. कातडीच्या लगेच खाली सरकवायची, मग काही वर्षं बाईला दिवस जाण्याची धास्ती नाही, आणि तिला नको वाटलं की काढायची. पुढं आपापल्या तालुक्यात जाऊन ज्यांनी इतरांना हे शिकवायचं, त्या डॉक्टरांची शिकवणी भालकीच्या दवाखान्यात चालते. काडीचं काम त्यांचं. शिकवताना दुसऱ्याचा हात कसा धरावा, तेवढं दाखवायला मला बोलावतात. माझी नर्सची नोकरी संपली तरी बोलावतात, ते तुमच्यामुळं. मला तुमची एकच रीत येते.

सरावाला रबराचा हात आहे. हात म्हणायचा इतकंच. खांद्यापासून कोपरापर्यंतचा तुकडा, पुढं पंजा नाही. दवाखान्यात उंदीर कुरतडतात म्हणून मी तो घरी आणते. ठेवायला जागा एकच, ह्यांची बाज. हे गेल्यापासून त्या बाजेवर मी काही ठेवलं नव्हतं, उशीसुद्धा हलवली नव्हती. पहिल्या दिवशी टॉवेलात गुंडाळून तिथं ठेवला आणि दुपारी उघडला, तर रबर कोमट लागलं. खिडकीतून तिथं ऊन येतं, हे मला माहीत आहे. पण ऊन तेव्हा बाजेच्या पायथ्यापर्यंतच आलं होतं.

तुम्हाला ती सून आठवत असेल. नवीन लग्न झालेली, उदगीरकडची, कन्नड एक अक्षर येत नव्हतं. आपल्याकडं गर्भपिशवीत बसवायच्या तांबीला कन्नडमध्ये वंकी म्हणतात, आणि दंडातल्या दागिन्यालाही वंकीच. सासूनं तिला सांगितलं, चल, तुला वंकी बसवून आणू. पोरगी हरखून आली. तुम्ही टेबलाकडं बोट दाखवलं तर तिनं पोलक्याची बाही वर सरकवून दंड पुढं केला. आम्ही सगळ्या शिकाऊ पोरी तोंडाला पदर लावून हसायला लागलो. तुम्ही वळून पाहिलंत.

"हसायला काय झालं? तिनं हात पुढं केलाय, मन न्हाई केलं अजून."

मग तुम्ही तिच्या दंडाच्या आतल्या अंगाला दोन बोटं टेकवली, जिथं आज काडी घालतात बरोबर तिथंच, आणि स्वतःशीच बोलावं तसं म्हणालात, "हितं बी येईल एक दिवस." तेव्हा असलं काही कुणी पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. तिला तुम्ही चहा पाजलात, सगळं नीट समजावून सांगितलंत आणि तशीच घरी पाठवलीत. सासू चिडली. आपलं मन झाल्यावर ती पोरगी एकटी आली, तेव्हाच तांबी बसवलीत. मी मात्र ती दोन बोटं विसरू शकले नाही. पुढं नव्या काडीची माहिती छापून आली, ती कन्नडमध्ये होती. मी शाळा मराठीत शिकलेली, कन्नड घरीच औषधांच्या खोक्यांवरून वाचायला शिकले. त्यातलं दंडाचं चित्र पाहून मी कागद पालथा घातला.

तुमची शिकवायची रीत वेगळीच. शिकणारीच्या मागं उभं राहायचं, तिच्या हातावर आपला हात ठेवायचा, आणि काम चालू असतानाच तो उचलायचा. "हात कवा काढला, ते तिला कळू न्हाई. कळलं तर ती भिऊन जाती," असं तुम्ही सांगायचात. माझ्या हातावरून तुम्ही तो कधी उचललात, मला कळलं नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी मी उशाशी बसले होते, तुमचा हात माझ्या हातावर होता. तेव्हाही कळलं नाही. दाराशी कुणीतरी रडलं, मग मी खाली पाहिलं.

या खेपेला औरादकडची एक डॉक्टर आहे. लेकीच्या वयाची. आधीच्या ठिकाणी तिच्या हातून एक काडी खोल गेली होती. शोधायला त्या बाईला कलबुर्गीला न्यावं लागलं. काडी निघाली, बाई बरी आहे, पण हिचा हात तेव्हापासून कापतो. रबरावर छान जमतं, माणूस समोर आला की कापतो. मलाही इथं आता अक्काच म्हणतात. सकाळी चहा पिताना म्हणाली, "अक्का, आज जमलं न्हाई तर मी दुसऱ्यांना काय शिकवू? सांगून टाकते मोठ्या डॉक्टरला, मला घरी पाठवा म्हणून." मी म्हटलं, आधी चहा पी, निवायलाय.

आणि त्या दिवशी काडी बसवून घ्यायला जी बाई आली, तिला लगेच पुन्हा दिवस गेले तर जिवावर बेतेल, असं मागच्या बाळंतपणात सांगितलं होतं. कडगंचीकडची. घरी विचारलं का, असं मी विचारलं तर म्हणाली, "मीच ठरवलंय. नवरा बाहेर बसलाय, पोरगं सांभाळायलाय." मग मी काही सांगायच्या आत तिनं बाही वर सरकवली, दंड पुढं केला आणि विचारलं, "वंकी हितंच बसवतेत न्हवं?"

तीच वंकी, तीच बाही सरकवणं, फक्त चूक तेवढी उरली नव्हती.

बधिर करायची सुई झाली. मी डॉक्टरच्या मागं जायला हवं होतं, पण बाईनं माझा हात घट्ट धरला, मोकळा राहिलेला दुसरा हातही तिच्या कपाळावर ठेवावा लागला. मी टेबलाच्या पलीकडच्या अंगाला. डॉक्टरच्या मागं कुणी नाही, नुसती भिंत. तिचा हात कापत होता. तिनं सुई टेकवली. मग हात एकदम स्थिरावला. सुईच्या टोकानं कातडी वर उचलत, जशी उचलावी तशी, ती सावकाश पुढं गेली. पोलक्याच्या शिवणीसारखी सरळ. खाली पाहतच ती हळू म्हणाली,

"अक्का, आता काढा हात. जमलं मला."

मोठे डॉक्टर दाराशी, पडद्यापलीकडं होते, ते ऐकून त्यांना वाटलं मी तिच्या मागं आहे. मी डॉक्टरच्या हाताकडं पाहिलं. हातमोज्याच्या पाठीवर सुरकुत्या पडल्या होत्या, वरून कुणी धरल्यासारख्या. हातमोजे सुरकुततातच.

मी म्हटलं, "काढला."

नंतर बाईनं स्वतःच्या बोटानं काडी चाचपून पाहिली, वरच्यावरच लागली तिला. हसली. डॉक्टर पुढच्या महिन्यात औरादला शिकवायला उभी राहणार आहे. जाताना मला म्हणाली, तुमचा हात फार गार असतो.

हे पत्र टपालात टाकायचं नाही. रबराच्या हातावरच्या टॉवेलाखाली ठेवून देईन. मला अजून भीती वाटत नाही, इतकंच तुम्हाला सांगायचं होतं. पण एक खरं सांगते, अक्का. हे लिहायला बसल्यापासून मी माझ्या हाताकडं पाहिलेलं नाही.