अर्थ नसलेला शब्द

आई,
इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. मी ठणठणीत आहे. जेवणही वेळेवर होतं.

इथल्या प्रयोगशाळेत चक्क मन मोजतात! प्रोफेसर आम्हाला अर्थ नसलेले शब्द पाठ करायला देतात आणि दुसऱ्या दिवशी किती विसरलो ते बघतात.

काल यादीत ‘भुब’ निघाला. धाकटीला ‘भाऊ’ म्हणता येत नाही, म्हणून ती मला मारते तीच हाक! प्रोफेसरांनी विचारलं, “याला कुणाच्या भाषेत अर्थ आहे का? असेल तर काढून टाकू.” सगळे खिदळले. मीही हसलो आणि म्हणालो, “छे, काहीच नाही.”

आज बाकीचे शब्द विसरलो, तेवढा एकच आठवला. “अर्थ नसूनही लक्षात ठेवलास!” म्हणत प्रोफेसरांनी पाठ थोपटली, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धाकटी अजून दारात उभी राहून हाका मारते का गं? तिला यातलं काही सांगू नकोस.

तुझा,
भुब