गणपतीचा हात

७ एप्रिल, मंगळवार
पुसताना गणपती निसटला. उजवा हात मनगटातून वेगळा. संगमरवरी आहे, सुधीरनं भेडाघाटहून आणलेला, तो वारला त्याच्या आधीच्या दिवाळीत. सासूबाई म्हणाल्या, "खंडित मूर्ती देवघरात चालत नाही. शनिवारी ग्वारीघाटला नर्मदेत सोडून येऊ." म्हटलं, जोडते. "काहून? जोडलेला देव पुजतात का कुठं?"
नवऱ्याची आठवण आहे. मला तो सोडायचा नाही, बस.

८, बुधवार
सेकंड इयरला केमिस्ट्रीत रिंग स्ट्रेन शिकवला, म्हणजे रेणूतल्या कड्यावरचा ताण. तीन कोपऱ्यांची रिंग, कोन साठ. कार्बनला हवा असतो एकशे नऊ. जबरदस्तीनं वाकवलेली. संधी मिळाली की उघडते, कोंडलेली ऊर्जा बाहेर. उदाहरण एपॉक्सी गोंदाचं दिलं. पोरं पंख्याकडे पाहून राहिली होती.
येताना सदर बाजारातून दोन डब्यांचं एपॉक्सी घेतलं, एकात राळ, दुसऱ्यात ती घट्ट करणारं हार्डनर.

९, गुरुवार
शहाणपण माझं. एवढ्याशा हाताला चिमूटभर पुरलं असतं. मी दोन्ही डबे एकाच वाटीत कालवले, आणि कुकर उतरवायला गेले. आले तर वाटीतून धूर. सगळ्या रिंगा एकदम उघडल्या, उष्णता जाणार कुठं. काल फळ्यावर हेच लिहिलं होतं. बोट भाजलं. वाटी सासूबाईंच्या चांगल्या सेटमधली. चमचा आत उभा, आता कायमचा.
"कॉलेजात हेच शिकवून राहिली का तू?"
हसलो दोघी. बऱ्याच महिन्यांनी.

१०, शुक्रवार
नवीन पॅक. सुपारीएवढंच घेतलं, पुठ्ठ्यावर पसरून. हात बसला, दोऱ्यानं बांधला. सासूबाई खुर्ची ओढून बाजूला.
"पुन्हा सुटन का?"
म्हटलं, ती रिंग एकदा उघडली की परत मिटत नाही. आता तुटला तर दुसरीकडून तुटेल, इथून नाही.
"अच्छा." मग दोऱ्याची गाठ चाचपत, "सुधीरनं लय भाव केला होता. दुकानदार चिडला होता त्याच्यावर."
तो गेल्यापासून त्यांनी नाव घेतलं नव्हतं. मला रडू आलं, आत गेले.

११, शनिवार
दोरा सोडला. पक्कं. सांधा मात्र पिवळसर, लपत नाही. सासूबाईंनी त्यावरून बोट फिरवलं. देवघरात ठेवला नाही. घाटावर न्यायला भरलेली फुलं-अगरबत्तीची पिशवी दाराला तशीच टांगलेली.
"आज ऊन फार आहे. पुढच्या शनिवारी पाहू."
सध्या ओट्यावर, खिडकीपाशी आहे. मी फोडणी टाकायला घेतली तर तेल उडेल म्हणून त्यांनीच त्याला थोडं मागे सरकवलं.